मदत हवी आहे: मोडी वाचणारं मॉडेल नव्या रुमालावर कोसळतं. चूक मॉडेलची की लिप्यंतराची?

कागद_शाई

विद्यापीठात संगणक आणि इतिहास या दोन विभागांचा मिळून प्रकल्प आहे. पेशवेकालीन मोडी कागदांचं स्कॅन द्यायचं आणि देवनागरी लिप्यंतर मिळवायचं, एवढंच काम. सध्याची स्थिती अशी:

४ रुमालांमधली (रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) २१० पानं, ४०० डीपीआय, रंगीत टिफ. एस्क्रिप्टोरियममध्ये (स्कॅनवर ओळी आखून लिप्यंतर भरायचं साधन) ओळी आखल्या, साधारण ३१०० भरल्या. क्राकेनवर (हस्ताक्षर वाचायला शिकवायची आज्ञावली) मॉडेल शिकवलं. सगळ्या ओळी पिसून शिकवणी, पडताळणी आणि चाचणी यांत ८०-१०-१० टक्के अशी वाटणी केली. चाचणीत अक्षरचूक (चुकीच्या वाचलेल्या अक्षरांचं प्रमाण) ७ टक्के आली. पाचव्या रुमालातली २० पानं दिली तर तीच थेट ३४ टक्क्यांवर गेली.

तीन प्रश्न आहेत.
१. आणखी किती ओळी लागतील?
२. इतिहास विभागाकडून दोन वाचक आहेत. एक जसं दिसतं तसं उतरवतात, दुसरे ऱ्हस्व-दीर्घ आजच्या नियमाने दुरुस्त करतात. कोणाचं प्रमाण धरायचं?
३. मॉडेलने काढलेला मजकूर मोठ्या भाषा-मॉडेलकडून सुधारून घेतला तर चालेल का?

---

रुमाल_सोडा

३४ हाच तुमचा खरा आकडा आहे, ७ नाही. ओळी पिसून वाटल्यामुळे एकाच पानाची तिसरी ओळ शिकवणीत गेली आणि चौथी चाचणीत. तोच कारकून, तोच बोरू, तीच शाई. मॉडेलने मोडी कमी आणि त्या मोजक्या माणसांचं वळण जास्त पाठ केलंय.

वाटणी ओळींची करू नका, हातांची करा, म्हणजे लिहिणाऱ्या कारकुनांच्या हस्ताक्षरांनुसार. इथे इतिहास विभागाशिवाय गाडी पुढे जाणार नाही. रुमाल म्हणजे एक हात नव्हे. एकाच रुमालात पाच कारकून सापडतील आणि एकच कारकून दोन रुमालांतही दिसेल. प्रत्येक पानाला ‘हात १’, ‘हात २’, ‘अनिश्चित’ अशी खूण जाणकार वाचकाकडून लावून घ्या. २१० पानांना दोन-तीन बैठका पुरतात. मग एकेक हात पूर्ण बाजूला ठेवून उरलेल्यांवर शिकवा, आणि प्रत्येक हाताची चूक वेगळी लिहा. सरासरी एकटी छापू नका. एक हात ९ टक्के आणि दुसरा ४० टक्के असेल तर सरासरीत दोन्ही लपतात.

आणखी ओळींबद्दल: आहेत त्याच हातांच्या हजार ओळी वाढवून फारसं काही हलणार नाही. पन्नास नव्या हातांच्या वीस-वीस ओळी घ्या, ओळी तेवढ्याच भरतात. ‘किती’चं उत्तर आलेखातून काढा: १०, २०, ३०, ४० हातांवर शिकवून न पाहिलेल्या हातांवरची चूक मांडा. रेघ अजून उतरत असेल तर काम चालू ठेवा, सपाट झाली असेल तर दोष दुसरीकडे शोधा.

---

बोरू_आणि_टाक

दुसऱ्या प्रश्नावर, कारण माझ्या मते खरी गोची तिथे आहे.

पहिल्या वाचकांचं धरा. मोडी लिहिताना पहिली-दुसरी वेलांटी आणि पहिला-दुसरा उकार हा भेद पाळत नाहीत. चित्रात जो फरक नाही तो लिप्यंतरात आला की मॉडेलला अंदाजाने ठोकावं लागतं, आणि तो अंदाज तुम्ही ‘चूक’ म्हणून मोजता. वेलांटीसाठी एकच खूण, उकारासाठी एकच खूण ठरवा. शुद्ध आवृत्ती हवीच असेल तर ती वेगळ्या रकान्यात ठेवा, शिकवणीत नको.

तीच गत शब्द तोडण्याची. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ती वाचक सोडतो. म्हणून शब्दचूक हा आकडा इथे निरर्थक आहे. जागा काढून टाकून अक्षरचूक मोजा.

नियमांचं दोन पानी टिपण करा. त्यात निदान एवढं हवं: ‘रा. रा.’ उलगडून ‘राजमान्य राजश्री’ लिहायचं की तसंच ठेवायचं (तसंच ठेवा). चांद्र तारखेआधीचा ‘छ’ कसा लिहायचा. फाटलेल्या जागी कोणती खूण. खोडलेला मजकूर घ्यायचा का. मग १०० ओळी दोघांनी एकमेकांची न बघता वाचाव्यात. दोघांत ५ टक्के फरक निघाला तर मॉडेलकडून ३ टक्क्यांची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. हा फरक आधी काढला नाही तर दोन्ही विभाग वर्षभर एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

---

कागद_शाई

दोघांचे आभार. हातांच्या खुणा उद्यापासूनच सुरू करतो. अजून एक अडचण: काही ओळींचे काप चुकतात, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीत येतात. आणि लिप्यंतर देवनागरीऐवजी मोडी युनिकोडमध्ये ठेवावं का?

---

रुमाल_सोडा

ओळ अक्षरांच्या तळाशी आखली असणार. मोडीत शिरोरेघ आधी पानभर ओढतात आणि अक्षरं तिला लटकतात, त्यामुळे स्थिर आधार वरचा आहे. क्राकेनमध्ये ओळी शोधायचं मॉडेल शिकवताना ‘टॉपलाइन’चा पर्याय असतो, एस्क्रिप्टोरियममध्येही दस्तऐवजाच्या मांडणीत ओळ वरची असल्याचं सांगता येतं. दोन्हीकडे एकच निवडा. एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली असं झालं की नेमके असेच काप पडतात. स्कॅन काळं-पांढरं करून देऊ नका. मागच्या बाजूची झिरपलेली शाई त्यात अक्षर होऊन बसते.

युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे, आवृत्ती ७.० पासून. पण इतिहासाच्या वाचकांना तपासायला देवनागरी सोपी, म्हणून देवनागरीच ठेवा. मोडी ठेवलीत तर एक खाच लक्षात असू द्या: तिची चिन्हं मूळ ६५,५३६ च्या पट्ट्याबाहेर आहेत, म्हणून जावास्क्रिप्टमध्ये एका चिन्हाची लांबी २ भरते, पायथनमध्ये १. दोन साधनांनी मोजलेली अक्षरचूक जुळत नाही ती यामुळे.

---

बोरू_आणि_टाक

तिसरा प्रश्न राहिला. भाषा-मॉडेलकडून सुधारणा करून घेऊ नका, निदान मूळ पाठावर तरी नाही. ते ‘पावेतो’चं ‘पर्यंत’ करेल ते एकवेळ चालेल, कारण डोळ्याला खटकतं. धोका न खटकणाऱ्या चुकीत आहे. या कागदांवरचा सुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) अरबी संख्याशब्दांत असतो: ‘सलास सितैन मया अलफ’ म्हणजे ३ + ६० + १०० + १००० = ११६३. सुहूर वर्ष मृगापासून सुरू होतं. त्यात डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवले की इसवी सन, म्हणजे १७६२-६३. आता ‘सितैन’चं ‘सबैन’ झालं तर ६० चे ७० झाले आणि कागद दहा वर्षं पुढे सरकला. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे कोणताही शब्दकोश हाक मारणार नाही.

त्यापेक्षा उलटं करा. तारखेच्या ओळी वेगळ्या काढा, सन आकड्यात बदलणारी छोटी आज्ञावली लिहा, आणि रुमालावरच्या नोंदीतल्या काळाबाहेर जे पडेल ते माणसाकडे पाठवा.

आणि कामाचं श्रेय, स्कॅन छापायची दफ्तरखान्याची परवानगी, लिप्यंतर खुलं करायचं की नाही, हे सगळं आत्ताच दोन्ही विभागप्रमुखांच्या सहीने लिहून ठेवा. हातांच्या खुणा लावणाऱ्या वाचकांचं नाव लेखकांत यायला हवं, आभारांत नव्हे. तुमचा आकडा त्या खुणांवरच उभा राहणार आहे.