मदत हवी आहे : सिएनाच्या संत कॅथरीन यांची पत्रे आणि त्यांची भक्तिपरंपरा

नमस्कार. इटलीतील सिएना येथे १३४७ साली एका रंगाऱ्याच्या मोठ्या कुटुंबात जन्मलेल्या आणि लग्नाचा आग्रह मोडून काढण्यासाठी स्वतःचे केस कापून टाकणाऱ्या संत कॅथरीन यांच्यावर मी मराठीत दीर्घ लेख लिहीत आहे. त्यांनी लेखनिकांकरवी लिहवून घेतलेली सुमारे ३८० पत्रे आज उपलब्ध आहेत. पोप अकरावे ग्रेगरी यांना त्या पत्रांतून लाडाने ‘बाबा’ म्हणतात आणि त्याच ओघात भीती सोडून, तेव्हा पोप जेथे राहत असत त्या फ्रान्समधील आव्हिन्यों येथून रोमला परतण्यास बजावतात. पोप जानेवारी १३७७ मध्ये खरोखरच परतले, अर्थात त्यामागे इतर राजकीय कारणेही होती.

२९ एप्रिल १३८० रोजी रोममध्ये कॅथरीन यांचे निधन झाले. देह तेथील सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा चर्चमध्ये आहे, मस्तक मात्र सिएनाच्या सान डोमेनिको चर्चमध्ये दर्शनासाठी ठेवलेले आहे. १४६१ मध्ये त्यांना संतपद मिळाले, तर ‘चर्चच्या आचार्य’ (ज्यांची शिकवण संपूर्ण कॅथलिक चर्चसाठी मार्गदर्शक मानली जाते अशा संतांना दिली जाणारी पदवी) हा मान १९७० मध्ये. भाविकांचे लक्ष अवशेषांकडे अधिक आणि पत्रांकडे कमी जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

या पत्रांचा मराठी किंवा कोंकणी अनुवाद कोणाच्या पाहण्यात आहे का? वसई किंवा गोव्यातील एखाद्या चर्चमध्ये २९ एप्रिलला त्यांचा सण विशेष रीतीने साजरा होत असल्यास तेथील प्रार्थनांविषयीही कृपया कळवावे.