भंगारात रेडिएशनवाला डबा, उलटी झाली म्हणजे लागलं का?

अक्कलकोट_रोड:
मामाचं भंगारचं दुकान आहे. काल सकाळी जुन्या मशिनींच्या लॉटमध्ये एक डबा आला, तांब्याएवढाच पण हात ओढला जाईल इतका जड, वर पिवळ्या स्टिकरवर तीन पात्यांची खूण. मामा म्हणतो आत शिसं आहे, भाव चांगलाय, फोडू. मी अडवलंय. पण ज्या पोऱ्यानं उचलला त्याला रात्री उलटी झाली, रेडिएशन लागलं का? इलाज असतो का याला?

रेडिओथेरपी_टेक:
फोडू नका बे!! सगळ्यांना लांब काढा, ११२ ला फोन लावा. शिसं आहे म्हणजे आत काहीतरी झाकलंय. दिल्लीत मायापुरीला २०१० मध्ये विद्यापीठाचं जुनं कोबाल्ट-६० (किरणोत्सारी धातू) चं मशीन लिलावातून भंगारात गेलं, कापलं, एक जण गेला.
उलटीचं म्हणाल तर डॉक्टर पहिलं हेच विचारतात, किती वेळानं झाली. जास्त डोस असेल तर तासा-दोन तासांत होते, तुमचा पोऱ्या सकाळचा रात्री, डबा शाबूत असेल तर बहुतेक वडापावच नडला असेल. तरी दवाखान्यात डब्याचं सांगा आणि सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करा, दोन दिवसांत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) किती पडतात त्यावरून कळतं. फसवं काय, तर उलट्या थांबल्या की माणूस आठवडा-दोन आठवडे ठणठणीत दिसतो आणि आत बोन मॅरो (हाडातला मगज, जिथं रक्त बनतं) बंद पडत असतो, मग ताप, हिरड्यांतून रक्त, केस जाणं. इलाज म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवायचं फिलग्रास्टिम इंजेक्शन (केमोवाल्यांना देतात तेच), अँटिबायोटिक, रक्त, प्लेटलेट, वेगळी खोली. अख्ख्या अंगाला ४ ग्रेच्या (ग्रे म्हणजे डोस मोजायचं माप) आसपास बसलं तर इलाजाविना निम्मे जातात, इलाजानं बरेच वाचतात. १० च्या वर आतडीच जातात, मग अवघड.

सात_रस्ता_कट्टा:
आयोडीनच्या गोळ्या देऊन ठेवा की

रेडिओथेरपी_टेक:
नको. त्या फक्त थायरॉइडला, तेही किरणोत्सारी आयोडीन शरीरात जाणार असेल तर. कोबाल्टला उपयोग शून्य.

बार्शीकर:
आमच्या आईला लाईट (रेडिओथेरपी) दिली तेव्हा ५० ग्रे लिहिलं होतं, ती चांगली आहे की अजून

रेडिओथेरपी_टेक:
ते एकाच जागेवर, रोज थोडं थोडं, पाच आठवडे. अख्ख्या अंगाला एकदम बसणं वेगळं.

अक्कलकोट_रोड:
पोलीस आलेत, गल्ली बंद केली. पोऱ्याचं रक्त दिलंय. मामा समोरच्या टपरीवर बसून विचारतोय, शिशाचे पैसे कोण देणार.