गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देत नाही: ही उत्क्रांती की दुसरं काही?

काळीमाती: माझं म्हणणं सरळ आहे. उत्क्रांतीचा पुरावा आपल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत आहे. 2002 ला बीटी कापसाला, म्हणजे जिवाणूचं जनुक घातल्याने झाडातच अळीचं विष तयार होणाऱ्या कापसाला, परवानगी मिळाली, 2006 ला दोन विषांचं बीजी-2 आलं. 2010 पर्यंत गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या विषाला पुरून उरली आणि 2017 ला विदर्भात तिने बीजी-2 ची बोंडं पोखरली. अळी काही शिकली नाही. विष आतड्यात जिथं चिकटतं ते प्रथिनच काही मोजक्या अळ्यांत बिघडलेलं होतं. बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या, ह्यांचीच अंडी पुढं गेली.

वऱ्हाडी पाटील: भाऊ, एवढं लांब कायले जाता? पीक जुनं झालं की झाडातलं विष उतरते, वरून बोगस बियाणं. अळी जगली म्हणजे बदलली, असं कसं?

सरकी: पाटील, विष उतरतं हे खरं. म्हणूनच तपासणी झाडावर करत नाहीत. मोजून विष मिसळलेल्या कृत्रिम खाद्यावर शेतातल्या अळ्या ठेवतात आणि शेजारी, पिढ्यान्‌पिढ्या विषाविना पोसलेल्या. मात्रा एकच. दुसऱ्या मरतात, शेतातल्या जगतात. बियाणं मध्ये येतंच कुठं? शिवाय पहिल्या विषाला न जुमानणाऱ्या अळ्यांत कॅडहेरिन ह्या प्रथिनाचं जनुक मोडलेलं सापडलं आहे.

अन् हिरवी अळी बघा. ती तुरीवर, हरभऱ्यावरही वाढते आणि आपल्या कपाशीत तुरीचं तास असतंच. तिथं विष न खाल्लेले पतंग तयार होतात. गुलाबीचं पोट जवळजवळ कपाशीवरच. म्हणजे विषाने मरण्या-उरण्याची चाळणी, निवडीचा दाब, गुलाबीवर जास्त, आणि बीजी-2 तिनेच मोडलं. मला हा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो.

वैनगंगा: हे मान्य. पण मोडलेलं जनुक म्हणजे काही गमावणं. अळी अळीच राहिली. नवी जात कुठं झाली?

काळीमाती: ताई, कपाशीच घ्या. देशी कपाशीत 26 गुणसूत्रं, अमेरिकनमध्ये 52. दोघींचा संकर केला तर 39 येतात आणि झाड वांझ निघतं, म्हणजे जाती वेगळ्याच. 1940 ला बीझली ह्या संशोधकाने देशी कपाशी आणि एक जंगली अमेरिकन कपाशी यांचा संकर करून कोल्चिसिन ह्या रसायनाने गुणसूत्रं दुप्पट केली. 52 ची झाडं मिळाली आणि ती अमेरिकन कपाशीशी फळली. निसर्गात असाच मेळ 10 ते 20 लाख वर्षांपूर्वी झाला. त्यातूनच अमेरिकन कपाशी ही नवी जात झाली; दोन्ही बाजूंची गुणसूत्रं आजही तिच्यात वेगळी ओळखू येतात.

वऱ्हाडी पाटील: ते ठीक. पण मग बीटीसोबत आधी 120 ग्रॅमची नॉन-बीटीची, म्हणजे बिनविषाच्या बियाण्याची पुडी यायची, ती पेरून आपण अळीच पोसायची काय? फवारणी परवडली.

सरकी: पोसायचीच, थोडी. प्रतिकाराला आईबापाकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. नॉन-बीटीवरचा साधा पतंग जुळला की पिल्लाला एक प्रत चांगली मिळते आणि ते बीटीवर मरतं. अमेरिकेत ॲरिझोनात 1996 पासून दहा वर्षं नॉन-बीटी नेमाने पेरली. तिथं ह्याच अळीत प्रतिकार वाढला नाही. आपल्याकडं पुडी न पेरता बांधावर गेली.

त्यात आपलं बियाणं संकरित. बोंडातल्या 16 सरक्यांत सरासरी 9 दोन विषांच्या, 6 एकेकाच्या, 1 बिनविषाची. अळी सरकी खाते, म्हणून अर्धवट प्रतिकाराच्या अळ्याही तरतात. फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही पीक शेतात राखलं, की त्यांना आणखी पिढ्या मिळतात. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा.