अपडेट क्वेरी आख्ख्या टेबलवर चालली, एरर का नाही आली? मदत हवी आहे

मंडळी, जरा तातडीचं आहे. डेटाबेस मायएसक्यूएल ८. टीममधल्या एकाला जुनी खाती बंद करायची होती, त्यासाठी ३१२ आयडी एका तात्पुरत्या टेबलात भरले आणि ही क्वेरी चालवली:

अपडेट कस्टमर्स सेट स्टेटस = 'बंद' वेअर कस्टमर_आयडी इन (सिलेक्ट कस्टमर_आयडी फ्रॉम जुनी_लिस्ट);

३१२ रेकॉर्ड बदलायला हवे होते, बदलले सगळेच्या सगळे, चाळीस हजारांच्या वर. ऑटोकमिट ऑन होतं, म्हणजे बदल लगेच कायम झाला, त्यामुळे रोलबॅकचा (बदल मागे घेण्याचा) प्रश्नच नाही.

नंतर बघितलं तर जुनी_लिस्टमध्ये कस्टमर_आयडी नावाचा कॉलमच नाहीये, तिथे तो कस्ट_आयडी आहे. आतली सिलेक्ट नुसती चालवली की लगेच एरर १०५४, अननोन कॉलम (असा कॉलम नाही), मग तीच कंसात घातल्यावर मुकाट्याने कशी चालते?? बग आहे का हा?

आणि स्टेटस परत कसं आणू? रात्रीचा बॅकअप आहे पण सकाळपासून लोक नवीन खाती उघडतायत, पत्ते बदलतायत, पूर्ण रिस्टोअर केला तर ते सगळं जाणार. बिनलॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) चालू आहे, रो फॉरमॅट, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डचा बदल त्यात असतो.

प्रतिसाद १
बग नाही, एसक्यूएलचा नियमच तसा आहे. सबक्वेरीतलं (कंसातल्या क्वेरीतलं) कॉलमचं नाव आधी आतल्या टेबलात शोधतात, तिथे नसेल तर बाहेरच्या. म्हणजे प्रत्येक खात्याचा आयडी स्वतःशीच ताडला गेला, लिस्टमध्ये एक जरी रेकॉर्ड असला की अट खरी. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्येही हेच होतं. सबक्वेरीत प्रत्येक कॉलमआधी टेबलाचं एलियस (छोटं नाव) लावाच, जुनी_लिस्टला एल म्हणून एल.कस्टमर_आयडी लिहिलं असतं तर तिथेच एरर आली असती.

बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडा आणि आयडीवर जॉइन करून (दोन्ही टेबलं आयडीने जोडून) फक्त स्टेटस परत आणा. बॅकअपनंतर उघडलेली खाती त्यात मिळणार नाहीत आणि नंतर स्टेटस बदललेल्यांचं जुनंच मिळेल, त्यांच्यासाठी बिनलॉग, रो इमेज फुल (म्हणजे रेकॉर्डचे सगळे कॉलम नोंदले जातात) असेल (डिफॉल्ट तीच असते) तर बदलाआधीची व्हॅल्यू त्यात आहे. बिनलॉगच्या फाइल आत्ताच कॉपी करून ठेवा, मुदत संपली की उडतात. आणि स्टेटस बघून आपोआप चालणारे जॉब आधी थांबवा!

धागाकर्ता
खूप आभार, बंद खात्यांना मेल पाठवणारा जॉब आहेच, लगेच थांबवला. जॉइनमध्ये खरे ३१२ वगळतोय, आणि दरम्यान कोणी हाताने स्टेटस बदललं असेल तर ते पुसलं जाऊ नये म्हणून आत्ता 'बंद' आहेत तेवढ्याच खात्यांना हात लावतोय. अजून काही सुटतंय का?