एकच रेसिपी, दोन ऑनलाइन साधने, दोन वेगळे आकडे: कोणते धरावेत?

डेन्व्हरकर

नमस्कार. मी कोलोराडोमध्ये डेन्व्हरजवळ राहतो आणि माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, म्हणजे माल्टचा, तयार अर्क) न वापरता, थेट धान्यापासून घरी बिअर करतो. सध्या हाताशी अमेरिकन पेल एलची एक साधी रेसिपी आहे. फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) १९ लिटर उतरावेत या हिशेबाने साडेचार किलो टू-रो पेल माल्ट (मुख्य धान्य) आणि ४०० ग्रॅम क्रिस्टल ६० (रंग आणि गोडव्यासाठीचा माल्ट). हॉप्समध्ये (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांत) उकळीच्या ६० मिनिटांसाठी १० टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणाचा मूळ घटक) २८ ग्रॅम सेंटेनियल आणि शेवटच्या १० मिनिटांसाठी साडेपाच टक्क्यांचे २८ ग्रॅम कॅस्केड.

हीच रेसिपी ब्रुअर्स फ्रेंड या बिअरच्या रेसिपीचा हिशेब करणाऱ्या साधनात भरली की ओजी (किण्वनापूर्वीची घनता) १.०५९ आणि कडवटपणा ४९ आयबीयू (कडवटपणाचे एकक) दिसतो, तर ब्रूफादर या दुसऱ्या साधनात १.०५१ आणि ४० आयबीयू. दोन्हीकडे रेसिपी शैलीच्या मर्यादेत बसते असेच सांगितले जाते. यांपैकी एकाचे वार्षिक शुल्क भरण्याचा विचार आहे. पण ज्याचे गणित चुकते आहे त्याला पैसे देण्याची इच्छा नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वॉर्टवाला

गणित कोणाचेच चुकत नाही. दोघांना दिलेली गृहीतके वेगळी आहेत, आणि ती कोणती हे तुमच्या आकड्यांवरूनच ओळखता येते. पेल माल्टच्या एका किलोतून एका लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ३०९ अंश (ओजीतले दशांशानंतरचे आकडे; १.०५९ म्हणजे ५९ अंश) मिळू शकतात, क्रिस्टलमधून साधारण २८४. तुमच्या धान्याची बेरीज १५०० च्या आसपास जाते. तिला १९ ने भागून ७५ टक्के एफिशियन्सी (धान्यातून मिळू शकणाऱ्या साखरेपैकी किती मिळाली ते प्रमाण) धरली तर ५९ अंश येतात आणि ६५ टक्के धरली तर ५१. तेव्हा एकीकडे ७५ आणि दुसरीकडे ६५ भरलेले असणार, हे पडताळून पाहा.

त्यातही मॅशची (धान्य गरम पाण्यात भिजवण्याच्या टप्प्याची) एफिशियन्सी वेगळी आणि ब्रूहाउसची (फर्मेंटरपर्यंतच्या सगळ्या प्रक्रियेची) वेगळी. पहिली सांगते की धान्यातली किती साखर वॉर्टमध्ये (धान्यातून निघालेल्या गोड द्रवात) उतरली; दुसरी सांगते की त्यातली किती प्रत्यक्ष फर्मेंटरपर्यंत पोहोचली, म्हणजे किटलीच्या तळाशी गाळाबरोबर सोडून दिलेला लिटर-दीड लिटर वॉर्ट तिच्यात वजा झालेला असतो. एका साधनातला मॅशचा आकडा उचलून दुसऱ्याच्या ब्रूहाउसच्या रकान्यात टाकणे हा गोंधळ मी अनेकांच्या रेसिपींत पाहतो.

कडवटपणाचे म्हणाल तर एका ठिकाणी रेगरचे सूत्र निवडलेले दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी टिनसेथचे. तासभर उकळलेल्या हॉप्समधले सुमारे ३० टक्के अल्फा आम्ल कामी येते असे रेगरचे सूत्र धरते. टिनसेथचे सूत्र तुमच्या ओजीला २१ ते २३ टक्केच धरते. एकट्या सेंटेनियलवर दहा-बारा आयबीयूंचा फरक तिथेच पडतो. १० मिनिटांच्या कॅस्केडबाबत मात्र रेगरचाच आकडा किंचित कमी येतो, त्यामुळे एकाला ठरावीक गुणकाने गुणून दुसरा काढण्याची सोय नाही. माझे मत विचाराल तर टिनसेथ निवडावे आणि नंतर त्याला हात लावू नये. आयबीयूचा आकडा प्रयोगशाळेत मोजलेला नसतो. मागच्या बॅचपेक्षा ही बॅच कडू होईल की सौम्य, एवढे त्याने सांगितले तरी पुष्कळ झाले, आणि त्यासाठी सूत्र एकच राहायला हवे.

शैलीच्या मर्यादेत बसण्याला फार किंमत देऊ नका. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत या शैलीसाठी ओजी १.०४५ ते १.०६० आणि ३० ते ५० आयबीयू एवढा ऐसपैस पट्टा दिलेला आहे. तुमचे दोन्ही निकाल त्यात आरामात बसतात, पण पिणाऱ्याला त्या दोन वेगळ्या बिअर वाटतील.

लीड्सकर

एक छोटी भर. रेसिपी कुठल्या ब्रिटिश पुस्तकातून उतरवली असेल तर गॅलन तपासून घ्यावा. आमच्याकडचा गॅलन ४.५४६ लिटरचा, तुमच्याकडचा ३.७८५ लिटरचा, पाच गॅलनांवर जवळजवळ चार लिटरांची तफावत पडते. मी स्वतः सगळे लिटर आणि ग्रॅममध्येच ठेवतो.

डेन्व्हरकर

वॉर्टवाला यांचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. ब्रुअर्स फ्रेंडमधली रेसिपी मी एका सार्वजनिक रेसिपीची प्रत काढून बदलत नेली होती. ७५ टक्के आणि रेगर ही दोन्ही मूल्ये तिच्याबरोबरच आली. आता प्रश्न असा, की माझ्या भांड्यांसाठी खरा आकडा कसा काढावा? आणि इथल्या उंचीमुळे काही फरक पडतो का?

संथउकळी

उंचीमुळे नक्कीच पडतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर असल्याने तिथे पाणी ९५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, आणि त्या तापमानाला अल्फा आम्लांचे कडू आयसो-अल्फा आम्लांत रूपांतर होण्याचा वेग १०० अंशांच्या तुलनेत साधारण तिसऱ्या हिश्शाने मंदावतो. पूर्ण तासाच्या उकळीत अंतिम घट त्याहून किंचित कमी असते. शेवटी टाकलेल्या हॉप्सना मात्र जवळजवळ पूर्ण फटका बसतो. ब्रूफादरच्या उपकरणांच्या नोंदीत उंचीनुसार दुरुस्ती करण्याची सोय आहे, ती चालू करा. दुसरे असे, की हॉप्सचे अल्फा आम्ल साधनाच्या यादीतून आपोआप येऊ देऊ नये. पाकिटावर छापलेला आकडा घालावा, कारण तो दर हंगामाच्या पिकागणिक बदलतो.

भांड्यांसाठी आधी नुसते पाणी उकळून पाहावे. लांब स्टीलच्या पट्टीवर लिटरालिटराला खूण करून ती किटलीत उभी धरावी, आणि तासाभरात पाणी किती खुणा खाली गेले ते वाचावे. हा झाला तुमचा बाष्पीभवनाचा दर. तो चुलीच्या आचेवर आणि किटलीच्या तोंडाच्या रुंदीवर ठरतो, त्यामुळे दुसऱ्या कोणाचा आकडा उसना घेण्यात अर्थ नसतो. गरम पाणी थंड पाण्यापेक्षा सुमारे चार टक्के जास्त जागा व्यापते, म्हणून दोन्ही वेळचे माप सारख्याच तापमानाला घ्यावे. त्यानंतर खऱ्या बॅचच्या दिवशी उकळीपूर्वीचे आणि फर्मेंटरमधले आकारमान लिहून ठेवा, आणि दोन्ही वेळचा नमुना थंड करून हायड्रोमीटरवर (घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीवर) कोरलेल्या तापमानालाच मोजा. दोन-तीन बॅचच्या सरासरीवरून आलेली एफिशियन्सी साधनात भरली की अंदाज आणि प्रत्यक्ष यांतले अंतर दोन-तीन अंशांवर येते. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर द्रवातून जाणाऱ्या प्रकाशावरून साखर मोजणारे उपकरण) वापरत असाल तर किण्वन सुरू झाल्यानंतर अल्कोहोलमुळे तो जास्त आकडा दाखवतो. त्याची दुरुस्ती दोन्ही साधनांत आहे.

शुल्काबाबत सांगायचे तर दोन्ही साधनांचे मोफत खाते या चाचणीसाठी पुरेसे आहे. पैसे भरण्याआधी एक रेसिपी बिअरएक्सएमएल (रेसिपींच्या देवाणघेवाणीसाठीची सामायिक फाइल) स्वरूपात निर्यात करून दुसरीकडे उघडून पाहा, आणि आयात झाल्यावर तिला तुमच्याच उपकरणांची नोंद लागू झाली आहे याची खात्री करा. मी ब्रूफादर वापरतो, कारण बॅचच्या दिवशी मॅश आणि हॉप्सच्या वेळा तो फोनवर घंटी वाजवून सांगतो; ज्यांना इतरांच्या रेसिपी चाळायला आवडतात त्यांना ब्रुअर्स फ्रेंडचा संग्रह जास्त मानवेल.