ठाण्याला डीव्हीडी पाठवायची आहे: रायटर कुठला, कोरी डिस्क कुठली?

प्रेषक: मंडळाची सभासद, अमेरिका

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात ठाण्याला जाते आहे. आई-बाबा नौपाड्यात असतात. आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाचं आणि मंडळाने बसवलेल्या नाटकाचं रेकॉर्डिंग त्यांना टीव्हीवर बघायचंय. फोनवर लिंक पाठवून झाली, पण एवढ्याशा पडद्यावर नातीचा नाच काय दिसणार, असं बाबांचं म्हणणं. त्यांचा डीव्हीडी प्लेअर जुना असला तरी अजून नीट चालतो. पेनड्राइव्ह लावायची सोय मात्र त्याला नाही.

म्हणून लॅपटॉपला जोडायचा रायटर, म्हणजे डिस्कवर लिहिणारं यंत्र, घेणार आहे. खोक्यावर प्लस आर, मायनस आर, आरडब्ल्यू, रॅम, डीएल, एम-डिस्क एवढी नावं आहेत. यातली कोणती डिस्क त्या प्लेअरवर चालेल? काका, तुम्ही ठाण्यात परत जाण्याआधी मंडळाचं रेकॉर्डिंग बघायचात, म्हणून मुद्दाम तुम्हाला विचारते.

प्रेषक: काका, पाचपाखाडी, ठाणे

रायटरची काळजी सोड. प्लस की मायनस हा प्रश्न रायटर घेताना पडायचा तो काळ गेला. आर म्हणजे एकदाच लिहिता येणारी डिस्क. मायनस आर पायोनियरने १९९७ मध्ये आणली आणि ती डीव्हीडी फोरमची, म्हणजे डीव्हीडीचे नियम ठरवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेची, अधिकृत डिस्क झाली. फिलिप्स, सोनी, एचपी वगैरे कंपन्यांनी वेगळी आघाडी करून २००२ मध्ये प्लस आर बाजारात आणली. काही वर्षं लोक चुकीच्या जातीच्या डिस्क घरी आणून हैराण होत. मग दोन्ही लिहिणारे रायटर आले. आज दुकानात मिळणारा साधा रायटरसुद्धा दोन्ही लिहितो. लक्ष द्यायचं ते डिस्ककडे आणि ती लिहिण्याच्या पद्धतीकडे.

तुझ्या कामाला मायनस आर घे. ती आधीची असल्यामुळे जुने प्लेअर तिला बहुधा नाही म्हणत नाहीत. घरात प्लस आर पडून असतील तर त्याही वापरता येतील. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला ती कोणत्या जातीची आहे याची नोंद असते, तिला बुक टाइप म्हणतात. प्लस आर लिहिताना काही रायटर ती नोंद बदलून ‘डीव्हीडी-रॉम’ अशी करून देतात आणि प्लेअरला ती कारखान्यातून छापून आलेली डिस्क वाटते. मायनस आरमध्ये ही सोय नाही.

आरडब्ल्यू या कामाला नको. ती पुसून साधारण हजार वेळा लिहिता येते हे खरं, पण तिच्यावरून प्रकाश कमी परततो आणि जुन्या प्लेअरचा लेझर तिथे अडखळतो. रॅम तर सोडूनच दे. ती लाखभर वेळा लिहिता येते, पण घरातले बहुतेक प्लेअर ती वाचतच नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोनमधली किंवा कॅमेऱ्यातली एमपी४ फाइल तशीच डिस्कवर टाकू नकोस. लॅपटॉपवर ती चालेल, तुला वाटेल काम झालं, आणि नौपाड्यात प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणेल. जुन्या प्लेअरला फक्त डीव्हीडी-व्हिडिओ कळतं. चित्र एमपेग-२ या डीव्हीडीच्या साच्यात बदललेलं लागतं आणि डिस्कवर व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर लागतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘डेटा डिस्क’ आणि ‘व्हिडिओ डीव्हीडी’ असे वेगळे पर्याय असतात, त्यातला दुसरा निवड. लिहून झालं की डिस्क फायनलाइज कर, म्हणजे लिहिणं बंद करून ती पक्की कर. ते राहिलं तर ज्या यंत्रावर लिहिली तिथेच ती वाचता येईल, दुसरीकडे बहुधा नाही.

नाटक दोन तासांच्या पुढचं असेल तर ते एका डिस्कवर कोंबू नकोस. खोक्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. ते ४७० कोटी बाइट्स, आणि विंडोज तीच जागा ४.३८ जीबी दाखवतं. उत्तम दर्जाचं चित्र तिच्यावर तासभर मावतं. दोन तास भरले तरी ठीक दिसतं, त्यापुढे रंगमंचावरच्या अंधारात चौकोन दिसू लागतात. साडेआठ जीबीची डीएल, म्हणजे दोन थरांची, डिस्क मिळते, पण ती महाग असते आणि पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाताना जुने प्लेअर कधी अडकतात. त्यापेक्षा मध्यंतरापर्यंत पहिली डिस्क, पुढचा भाग दुसरीवर. आपल्या माणसांना मध्यंतराला चहा लागतोच.

डिस्क १६एक्स वेगाची असली तरी ८एक्सने लिही आणि शेवटी ‘व्हेरिफाय’, म्हणजे लिहिलेलं तपासून बघणं, होऊ दे.

प्रेषक: ताई, नेरुळ, नवी मुंबई

काकांचं सगळं पटलं. टिकण्याबद्दल थोडी भर घालते.

साध्या आर डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझर त्यावर खुणा उमटवतो. ऊन आणि उष्णता या थराचे शत्रू, आणि आमच्या खाडीकाठच्या पावसाळी हवेत दमटपणाची भर पडते. डिस्क डबीत, उभी, अंधाऱ्या कपाटात ठेवायला आईंना सांग. टीव्हीच्या वर नको, तिथे ऊब असते. कागदी लेबल चिकटवू नकोस, ते सुटलं की प्लेअरमध्ये अडकतं. नाव मऊ टोकाच्या मार्करने लिही. आणि डबीतून काढताना आधी मधलं बटण दाब. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. वाकवून ओढली की कडेला सुटू लागतात.

एम-डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाऐवजी अजैविक थर असतो. ती लिहायला जास्त ताकदीचा लेझर लागतो, म्हणून रायटरवर तिचं चिन्ह हवं. वाचायला साधा प्लेअर पुरतो. मंडळाच्या जुन्या नाटकांची एकेक प्रत अशा डिस्कवर करून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. कोऱ्या डिस्कचा बाजार आटत चालला आहे. भारतात डिस्क बनवणारी मोजर बेअर बंद पडली, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. आता केलं तर होईल.

प्रेषक: मंडळाची सभासद, अमेरिका

काका, ताई, खूप आभार. मायनस आर मागवल्या. आता एकच शंका. टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती, इथलं एनटीएससी आणि भारतातलं पाल, यांचं काय करायचं? आणि रीजन कोड?

प्रेषक: काका, पाचपाखाडी, ठाणे

रीजन कोड, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालावी याचा आकडा, सिनेमाच्या विकत घेतलेल्या डिस्कना असतो. अमेरिकेचा १, भारताचा ५. घरी केलेल्या डिस्कवर तो घालायचाच नाही, ती कुठेही चालते.

पालमध्ये बदलायच्या फंदात पडू नकोस. तुमचं चित्रण सेकंदाला तीस चौकटींचं. ते पंचवीसवर आणलं की नाचताना हात झटके खात पुढे सरकल्यासारखे दिसतात. भारतात विकले गेलेले बहुतेक प्लेअर आणि टीव्ही एनटीएससी दाखवतात, तेव्हा तशीच डिस्क कर. उलट दिशेने मात्र अडतं. इथल्या मुंजीची पाल डिस्क अमेरिकेतले बरेच प्लेअर दाखवत नाहीत, ती लॅपटॉपवरच बघावी लागते.

ताई, एम-डिस्कला माझा विरोध नाही, पण नुसत्या डिस्कवर भिस्त नको. नव्या लॅपटॉपना डिस्कची खाच राहिलेली नाही. मूळ फाइली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरांत असू देत. एम-डिस्क ही तिसरी प्रत.

नोव्हेंबरात मंडळातलं कुणी इकडे येणार असेल तर नाचाची एक डिस्क त्यांच्याबरोबर पाठव. नौपाड्यात जाऊन बाबांच्या प्लेअरवर लावून बघतो. अडली तर बुक टाइप बदलून प्लस आरवर करून बघायला तुला महिनाभर हातात राहील.