ऊन सोसणाऱ्या, जीन बदललेल्या वंशाची कांडी आली तर गाईला भरवावी का?

आर्वीकडचा कास्तकार:
नमस्कार मंडळी. माझ्याकडं दोन संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी दुधाळ जात) गाई आहेत. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला का दुपारभर जीभ काढून धापत राहतात, दूध निम्म्यावर येते, भरवली तर उलटते, गाभ राहत नाही. अमेरिकेत म्हणे जीन एडिटिंग करून, म्हणजे जनावराच्या जीनमध्येच नेमका बदल करून, आखूड केसाच्या, ऊन सोसणाऱ्या गाई काढल्या. बाबा म्हणतात जनावराच्या वंशात हात घालू नये, पण मला गाईंचे हाल पाहवत नाहीत. अशा वंशाची रेतनाची कांडी (वळूचं गोठवलेलं वीर्य) इथं मिळाली तर भरवावी का?

पशुवैद्यक, नागपूर:
भाऊ, बातमी खरी आहे. तिकडच्या एफडीएनं, म्हणजे अन्न अन् औषध तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, मार्च 2022 मध्ये अशा 2 गाईंना अन् त्यांच्या वासरांना कमी जोखमीचं ठरवलं. हा गुण कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गाईत मुळातच असतो. पण आपल्याकडं 2022 मध्ये सूट मिळाली ती फक्त पिकांना, तेही परका जीन नसेल तर, जनावरं अजून जीन बदलाच्या 1989 च्या नियमातच आहेत, त्यामुळं कोणी अशी कांडी देतो म्हणाला तर घेऊ नका. अन् कंपनी सांगते तेवढ्यावर विसंबू नका, तिकडं जीन एडिटिंगनं काढलेल्या बिनशिंगी वासरांचं पाहा ना, सगळं स्वच्छ आहे सांगितलं होतं आणि 2019 मध्ये एफडीएनं तपासलं तर बॅक्टेरियाचा डीएनए आत बसलेला, त्यात अँटिबायोटिकला दाद न देण्याचा गुण आणणारे जीन.

अकोल्याहून:
मले तर बीटी कापूस आठवते. 2002 मध्ये आला, आधी बोंडअळी गेली, मंग गुलाबी अळी परत आली, अन् बियाणं दरसाल इकतच घ्या लागते. उद्या गाईचं असंच झालं तं? तिची कालवड माही का कंपनीची, हे आधी कागदावर लिहून पायजे.

सेलूची ताई:
मला बिनशिंगी गाय चालेल. वासराची शिंगं डागताना मी धरून बसलेय, ते ओरडणं विसरत नाही. पोळ्याला शिंगांना बेगड लावायची हौस मलाही आहे, पण त्या वेदनेपुढं नाही. उन्हाचं मात्र वेगळं वाटतं. आपली गवळाऊ गाय वर्ध्याचीच, ऊन सोसते, दूध कमी देते म्हणून आपणच ती सोडून एचएफ आणली. आता जीन बदललेल्या गाईला ऊन सोसतं म्हणून आपण सावलीच करणार नाही, ही मला भीती आहे. दादा, तुमच्या गोठ्यावर काय आहे?

आर्वीकडचा कास्तकार:
ताई, टिनच आहे, तेही डोक्याला लागेल इतकं खाली. या उन्हाळ्यात त्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या अंथरतो अन् दुपारी पोत्याचे ओले पडदे सोडतो. कांडीचं सध्या नाही. डॉक्टरसाहेब, एका गाईला गवळाऊची कांडी भरवली तर कालवडीच्या दुधाचं किती नुकसान होईल, तेवढं सांगा.